ढाबळीवरचा चुकीचा खटला

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई महापालिकेनं दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, आंदोलकांनी ती फाडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन आलं आणि महिनाभर टपरीवरच्या चहाला कबुतराशिवाय चव नव्हती. भांडण मुंबईचं होतं. पण त्यातून निघालेला एक निष्कर्ष वैनगंगेकाठी पोचायलाही वेळ लागला नाही: कबुतर म्हणजे फुप्फुसाचा रोग, तेव्हा चौकात दाणे टाकणं थांबवून भागायचं नाही, घराघरांवरच्या ढाबळीही उठवा. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीकडे परसात चार जोड्या पाळणाऱ्यालाही मग शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग पडतं.

हा निष्कर्ष टिकतो तो सोपा आहे म्हणून. तपासायला घेतला की पहिल्याच पायरीला अडखळतो.

दादरला काय होतं? १९३३ सालचं ते बांधकाम, भोवती वाहतुकीचा चौक, आणि रोज पोत्यांनी पडणारं धान्य. पक्षी कुणाचे? कुणाचेच नाहीत. किती? कुणी मोजले नाहीत. आजारी पक्षी बाजूला कोण काढणार, विष्ठा कोण खरवडणार, पाणी कोण बदलणार? कुणीच नाही. ती विष्ठा वाळायची, हजारो पंखांच्या फडफडीनं तिची भुकटी व्हायची आणि समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून आत जायची. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैच्या अखेरीस गुन्हे नोंदवायला सांगितलं ते बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हात घालायला नकार दिला तोही याच वादात. सार्वजनिक जागी मोकळ्या पक्ष्यांना खाऊ घालण्याचा हा प्रश्न होता. स्वतःचे पक्षी स्वतःच्या आवारात पाळणारा माणूस त्या खटल्यात आरोपी नव्हता.

शर्यतीच्या कबुतरांच्या ढाबळीत चित्र नेमकं उलटं असतं, निदान असायला हवं. पिलू आठवड्याचं होतं न होतं तोच त्याच्या पायात कडी चढते, कडीवर वर्ष आणि क्रमांक असतो. कोण कुणाचं पिलू, कोणी काल किती खाल्लं, कोण दोन दिवस मलूल बसलंय, हे पाळणाऱ्याला तोंडपाठ असतं, कारण तीनशे किलोमीटरवरून पक्षी घरी येतो की नाही हे त्यावरच ठरतं. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय सोडली, तर दादरचा चौक आणि नीट राखलेली ढाबळ या दोन गोष्टींत साम्य एकच निघतं: पक्ष्याची जात.

आता वैद्यकाचा मुद्दा. तो खोटा नाही आणि खोटा म्हणून उडवून लावणारे पाळणाऱ्यांचंच नुकसान करतात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाचा विकार पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडला. वैद्यकात त्याला 'पिजन ब्रीडर्स लंग' म्हणतात. विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं श्वासावाटे जातात, काहींचं शरीर त्यांच्यावर चवताळून उठतं. ढाबळ साफ केल्यावर चार ते आठ तासांनी कोरडा खोकला, कणकण, धाप. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून माणूस ताप समजून गोळी घेतो आणि पुन्हा ढाबळीत जातो. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसात व्रणाची जाळी तयार होते आणि ती मागे फिरत नाही. याखेरीज क्लॅमिडियाचा ताप आहे, विष्ठेनं माखलेल्या जागेत वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशी आहेत. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही.

पण या सगळ्यांत समान काय आहे ते बघावं. भुकटी. बहुतेक वेळा माणसाला गाठते ती वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची कोंडलेली भुकटी. भुकटी किती साठू द्यायची, किती वेळ हवेत तरंगू द्यायची आणि कुणाच्या नाकापर्यंत जाऊ द्यायची, हे माणसाच्या हातात आहे.

इथे एक आकडा मुद्दाम पुढे करायला हवा, कारण विदर्भात त्याची कुणी आठवण काढत नाही. २०१२ ते २०१५ या काळात देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या आतल्या ऊतीचे विकार असलेल्या १०८४ रुग्णांची नोंद केली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ४७ टक्क्यांहून अधिक रुग्णांना याच जातीचा, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या कणांवर शरीर उलटण्याचा, आजार होता. पक्ष्यांचा संपर्क हे एक कारण त्यात होतंच. पण त्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरी सापडला तो एअर कूलर. ओलसर ताट्या, टाकीतलं शिळं पाणी आणि त्यात वाढणारी बुरशी. ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला की चंद्रपूर-गडचिरोलीत कूलर हा घरातला सदस्यच होतो. कूलरबंदीची मागणी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. ताट्या बदला, टाकी घासा, खिडकी उघडी ठेवा, एवढंच सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. कबुतराच्या बाबतीत मात्र हीच अक्कल गहाण पडते.

आरमोरीकरांना तर हा तर्क बाहेरून शिकायची गरजच नाही. हे गाव टसर रेशमासाठी ओळखलं जातं. ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या टसर अळीला पेब्रिन नावाचा रोग होतो आणि तो मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो. म्हणून अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रोगाचे बीजाणू दिसले की तिची अंडी नष्ट करतात. रोग आहे म्हणून टसर बंद करा असं रेशीम खात्यानं कधी म्हटलेलं नाही. तपासा, वेगळं काढा, स्वच्छ ठेवा: ज्या तालुक्यात ढिवर समाजानं हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला, तिथं कबुतरापुरतं हे शहाणपण विसरायचं कारण नाही.

बर्ड फ्लूची धास्ती त्यानंतर पुढे येते, आणि तिला घरच्या बातमीचा आधार आहे. जानेवारी २०२५ मध्ये नदीपलीकडच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. त्याच्या थोडं आधी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूनं दगावले होते. अशा वेळी सावध राहायलाच हवं. पण प्रयोगांत वारंवार दिसलंय की कबुतरं या विषाणूला कोंबडी-बदकांइतकी सहज बळी पडत नाहीत आणि तो पसरवतातही कमी. पूर्ण सुरक्षित कुणीच नाही. म्हणून साथ असेल तेव्हा पक्षी जाळीआड ठेवावेत, कोंबड्यांचं खुराडं आणि ढाबळ यांत अंतर राखावं, एकाची वाटी दुसऱ्याला लावू नये. हे सगळं आतून बांधलेल्या, जाळी मारलेल्या ढाबळीतच शक्य आहे. ढाबळ मोडून पक्षी सोडून दिले तर ते जाणार कुठे? धान गिरणीच्या छपरावर, देवळाच्या शिखरावर, शाळेच्या व्हरांड्यात. म्हणजे गावागावात एकेक छोटं दादर.

इथवरचा प्रतिवाद बंदीवाल्यांचा. यापुढचा पाळणाऱ्यांचा आहे, आणि तो जास्त कडक असायला हवा, कारण बंदीवाल्यांच्या हाती कोलीत देतात ते हेच.

'आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं पाळली, त्यांना काही झालं नाही' हे उत्तर कामाचं नाही. हा आजार सगळ्यांना होत नाही, काहींनाच होतो. तेव्हा एका आजोबांवरून काहीही सिद्ध होत नाही. दुसरं आवडतं उत्तर, 'आमची ढाबळ एकदम पॅक आहे, ना मांजर शिरतं ना वारा.' नेमकी हीच तक्रार आहे. टिनाच्या चार भिंती, वर टिन, आत चुंगडी ठोकलेली, पावसाळा आला की वरून निळं प्लॅस्टिक. मालकाला वाटतं आपण पक्ष्यांना जपलं. खरं तर त्यानं ते हवाबंद डब्यात भरले.

कबुतराच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास. ते सतत श्वासातून वाफ सोडतं आणि विष्ठेतून ओल. पंचवीस पक्षी एका बंद खोलीत रात्रभर बसले की ती ओल आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया जातो कुठे? उबदार ओली हवा वर चढते. वर वाट नसेल तर टिनाला लागून गार होते आणि थेंब होऊन परत खाली पडते. ऑगस्टच्या सकाळी अशा ढाबळीचं टिन आतून बोटानं पुसून बघावं; बोट ओलं होतं. ते पाणी पावसाचं नसतं.

या पक्ष्याला तर हवा इतरांपेक्षा जास्त लागते. कबुतराच्या फुप्फुसाला हवेच्या नऊ पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं तासन्‌तास उडायची ताकद तिथून येते. अमोनियानं श्वासनलिकेचा आतला पडदा दुखावला की पहिला फटका शर्यतीला बसतो. चोचीच्या मुळाशी असलेली गाठ, जी तंदुरुस्त पक्ष्यात खडूसारखी पांढरी असते, ती करडी पडते. एका डोळ्यातून पाणी येतं. पक्षी घरी येतो, पण अर्धा दिवस उशिरा, आणि मालक म्हणतो रक्त बिघडलं, जात बदलायला हवी. गेल्या काही वर्षांत बेल्जियममध्ये एकेका कबुतराला दहा लाख युरोंच्या वर बोली लागली. न्यू किम नावाची मादी २०२० मध्ये १६ लाख युरोंना गेली. असलं रक्त आणून टिनाच्या डब्यात ठेवलं तर ते मोसमाअखेर तेवढंच खोकेल.

मग येतं औषध. कृषी केंद्रातून आणलेलं कोंबड्यांचं प्रतिजैविक, पाण्यात चमचाभर, दर आठवड्याला, 'काही होऊ नये म्हणून'. रोग कोणता हे ठाऊक नाही, मात्रा अंदाजानं. टेट्रासायक्लिन जातीची औषधं खड्यांतल्या आणि शिंपल्याच्या चुऱ्यातल्या कॅल्शियमला बांधली जाऊन निम्मी वाया जातात, हेही बाटलीवर वाचायला कुणाला वेळ नसतो. उरतात ते औषधाला सरावलेले जंतू. घशात पिवळा थर आणणारा ट्रायकोमोनास एकाच पाण्याच्या भांड्यातून सगळ्या ढाबळीत फिरतो. तिथं रोज घासलेलं भांडं आठवड्याच्या औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतं. औषधाला विरोध नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेचा नमुना नेऊन, रोग कळल्यावर दिलेलं औषध घ्यावंच. विरोध आहे तो हवेचं काम औषधाकडून करवून घेण्याला.

आरमोरीत ढाबळ बांधायची तर काय करावं? इथलं हवामान दोन टोकांचं आहे. मे महिन्यात भट्टी, आणि जून ते सप्टेंबरात १३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. युरोपातली चित्रं बघून बांधलेली ढाबळ इथं चालत नाही, पण तिथली एक गोष्ट जशीच्या तशी उचलावी, कारण ती आपल्याकडे आधीपासून आहे. बेल्जियम आणि हॉलंडचे जुने पाळणारे कौलांच्या छपराला फार मानतात. कौलांच्या फटींतून वरची गरम हवा आपोआप बाहेर पडते आणि पाऊस मात्र आत येत नाही. म्हणजे आपलं कवेलू. गावं कवेलू काढून टिन टाकत सुटली त्याला वानरांचा धिंगाणा हे खरं कारण आहे. वर्षातून तीनदा फुटकी कवेलू कोण बदलणार? टिनच टाकायचं असेल तर आढ्याशी वीतभर उंच फट ठेवून तिच्यावर दुसरं छोटं छप्पर चढवावं आणि टिनाखाली बांबूची ताटी किंवा तनसाचा जाड थर द्यावा. उन्हाळ्यातली आच त्यानं बरीच तुटते.

वरून हवा बाहेर जायची तर खालून आत यायला हवी. आत येणाऱ्या हवेची वाट पक्षी बसतात त्या फळ्यांच्या खाली असावी, म्हणजे झोत अंगावर येत नाही. हे न समजल्यामुळेच लोक 'गार वारा लागतो' म्हणून सगळंच बुजवतात. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि सकाळचं ऊन आत यायला हवं. जाळी अर्ध्या इंचाची. एक इंचाच्या जाळीतून उंदीर आरामात येतो आणि त्याच्या मागोमाग धामण. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर मचाण, खांबांना पत्र्याच्या उलट्या चकत्या, खाली बांबूच्या पट्ट्यांची फटी असलेली जमीन, म्हणजे बरीचशी विष्ठा स्वतःहून खाली पडते आणि पक्ष्याचा पाय तिच्यात जात नाही. किती पक्षी ठेवायचे? घनमीटरला दोन-तीन हा पाळणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. सहा बाय आठ फुटांची, सात फूट उंच ढाबळ साधारण साडेनऊ घनमीटर भरते. तिच्यात वीस ते पंचवीस पक्षी. पस्तिसावं पिलू काढण्याचा मोह झाला की ते कुणाला तरी देऊन टाकावं.

हवा खेळते की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी पक्षी बसल्यावर जमिनीलगत पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ वर जाऊन आढ्यातून बाहेर पडला तर ठीक. पक्ष्यांच्या उंचीला घुटमळला, किंवा फळीवर बसलेल्या पक्ष्याच्या छातीवर आडवा गेला, तर वाट बदलायला हवी. आणि सकाळी दार उघडल्यावर पहिल्या श्वासाला डोळे चुरचुरले तर त्या दिवशी दुसरं काही काम काढू नये.

सफाईबद्दल पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक रोज खरवडणारा, दुसरा विष्ठेचा थर महिनोन्‌महिने तसाच ठेवून 'ती वाळली की जंतू मरतात' म्हणणारा. दुसऱ्या पंथाला युरोपात नामवंत अनुयायी आहेत आणि कोरड्या, भरपूर हवेच्या ढाबळीत ते जमतंही. आषाढातल्या आरमोरीत तो थर वाळतच नाही. त्यात कॉक्सिडियाचे बीजाणू पिकतात, माशा होतात आणि पावसाळा सरेपर्यंत पिलं मरतात. इथं रोज खरवडणं याला पर्याय नाही. पण खरवडणाऱ्यांचीही एक खोड मोडायला हवी, ती म्हणजे कोरड्या झाडूनं सपासप झाडायचं. पक्षी आधी बाहेर सोडावेत, जमिनीवर हलका शिडकावा करावा, खुरप्यानं उकरावं, भरलेलं टोपलं लगेच बाहेर काढावं. तोंडाला गमछा पुरत नाही. त्याच्या विणीतून ही भुकटी सहज जाते. एन-९५ मास्कच लागतो. बादल्या ओतून धुणं फक्त त्या दिवशी, ज्या दिवशी दुपारपर्यंत खडखडीत वाळेल. विष्ठा खड्ड्यात टाकून मातीनं झाकली की खत उत्तम होतं, पण ताजी धानाच्या पऱ्ह्यांत टाकली तर रोपं करपतात.

पक्ष्यांना आठवड्यातून एकदा आंघोळीला पसरट भांडं द्यावं आणि नंतर त्या पाण्याकडे बघावं. निरोगी कबुतरं न्हाऊन गेली की पाण्यावर पिठासारखा पांढरा तवंग येतो. ती त्यांच्या पिसांची भुकटी, जी कबुतरं न्हाली नसती तर ढाबळीच्या हवेत आणि मालकाच्या छातीत गेली असती. तसंच सकाळची विष्ठा: घट्ट, वाटोळी, तपकिरी-हिरवी, वर पांढरी टोपी आणि तिला चिकटलेलं एखादं बारीक पीस, म्हणजे पोट ठीक आहे. हिरवं पाणी दिसलं तर पक्षी वेगळा काढून दवाखाना. नवीन आणलेला पक्षी तीन आठवडे दुसऱ्या खोपटात. कितीही मोठ्या घराण्याचा असला तरी.

हे सगळं जंगलातल्या जिल्ह्यात जमणार नाही, ही शहरातल्या हौशी लोकांची चैन आहे, असंही म्हटलं जातं. त्याला उत्तर दंडकारण्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. १९४६ मध्ये लष्करानं दिलेल्या दोनशे कबुतरांवर ओडिशा पोलिसांनी संदेशसेवा सुरू केली ती कोरापुट जिल्ह्यात. गडचिरोलीसारखाच डोंगर, जंगल, पाऊस आणि रस्त्यांचा अभाव. १९४८ मध्ये पंडित नेहरूंचा संदेश संबळपूरहून कटकला कबुतरानं नेला, आणि १९९९ च्या महावादळात तारा तुटल्या तेव्हा याच पक्ष्यांनी निरोप पोचवले. ती कबुतरं बेल्जियन होमर जातीची, शर्यतीच्या पक्ष्यांचीच भावंडं. त्या ढाबळी राखणारे पोलीस शिपाई होते, सरकारी पगारावरचे. रोज सफाई, मोजून दाणा, आजारी पक्षी वेगळा, एवढ्या शिस्तीवर ती सेवा अर्धशतकाहून जास्त चालली.

तेव्हा तक्रार आलीच, तर नगर परिषदेनं ढाबळ मोडायची नोटीस काढण्याआधी माणूस पाठवून चार गोष्टी बघाव्यात: पक्षी किती आणि जागा किती, आढ्याला वाट आहे का, जमिनीवर किती दिवसांची विष्ठा आहे, आणि शेजाऱ्याची खिडकी कोणत्या बाजूला किती अंतरावर. यात नापास होणाऱ्याला मुदत द्यावी आणि मुदतीत सुधारला नाही तर पक्षी जरूर हलवावेत. त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. दवाखान्यात जुना खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी कबुतरांबद्दल विचारावं, तसंच कूलरबद्दलही. आणि ज्याच्या शरीरानं या भुकटीशी एकदा वैर धरलं, असं तपासणीत निघालं, त्यानं पक्षी दुसऱ्याच्या हवाली करावेत. त्याला आढ्याची फट वाचवत नाही, मास्कही पुरेसा पडत नाही; कितीही आवडता नर असला तरी त्याची कडी नोंदवहीत दुसऱ्या मालकाच्या नावावर चढवून द्यावी लागते.